गुप्तता आणि मागोवा : गूढलेखनाच्या संगणकीय लायब्ररींमधील निदान-नोंदींचा ऐतिहासिक आढावा

बीजशब्द : गूढलेखन, किल्ली, मागोवा, निदान-नोंद, ओपनएसएसएल, डिजिटल स्वाक्षरी

प्रस्तावना :

सावंतवाडी तालुक्यातील बांदा हे तेरेखोल नदीच्या काठी, गोव्याच्या सीमेलगत वसलेले बाजारपेठेचे गाव. येथील काजूबागायतदाराला आपल्या जमिनीचा सातबारा उतारा आज संगणकावरून मिळू शकतो. महाराष्ट्र शासनाने १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध करून दिला आणि शाईच्या सहीची जागा गणिती पडताळणीने घेतली. ही पडताळणी ज्या तयार आज्ञावलींच्या संचाकडून केली जाते, त्यास संगणकक्षेत्रात गूढलेखनाची लायब्ररी असे म्हटले जाते. बँकेचे व्यवहार, विद्यापीठाचे परीक्षा-संकेतस्थळ, शासकीय देयके या सर्वांच्या मुळाशी अशाच लायब्ररी आहेत.

अशी लायब्ररी चुकीचे काम करू लागल्यास दोष शोधण्यासाठी तिच्या अंतर्गत पायऱ्यांची क्रमवार नोंद चालू करावी लागते. या नोंदीस 'ट्रेस' म्हणजे मागोवा म्हणतात. परंतु गुप्तता राखणे हेच जिचे काम, तिने आपल्या पोटातील सर्व पायऱ्या लिहून ठेवल्या तर गुप्तता उरते काय? या पेचाला काय काय उत्तरे दिली गेली, याचा ऐतिहासिक आढावा घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. निदानाची नोंद दाबून टाकणे आणि ती बेसुमार वाढू देणे ही दोन्ही टोके सारखीच घातक ठरली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. मराठी परंपरेतील गुप्त लेखन :

गुप्त लेखन महाराष्ट्राला नवे नाही. पानिपतच्या १७६१ मधील पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना कळली ती सावकारी पत्रातील मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशेबाच्या भाषेत, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्याहून पद्धतशीर प्रयत्न महानुभाव पंथाचा होय. आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून पंथीयांनी ते सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले. परिणामी प्राचीन मराठी गद्याचे मोठे भांडार शतकानुशतके सर्वसामान्य वाचकांपासून दूर राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या प्रयत्नांतून या लिप्यांचा उलगडा झाला.

या उदाहरणांतून एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. उघड लेखनातील चूक वाचकाच्या डोळ्यांत भरते. गुप्त लेखनातील चूक मात्र दिसत नाही. सावकारी पत्रातील मोहरांचा आकडा नकलताना बदलला असता, तर वाटेतील कोणाही वाचकाला त्याची शंका आली नसती. सांकेतिक लिपीतील पोथीत लेखनिकाने एक चिन्ह चुकीचे उतरवले, तर किल्ली नसलेल्याच्या दृष्टीने शुद्ध आणि अशुद्ध प्रत सारखीच दुर्बोध असते. दोष शोधावयाचा तर किल्ली लावून मजकूर उघडावाच लागतो. निदानासाठी गुप्ततेचा काही काळ भंग करावा लागणे, ही अडचण अशी संगणकाच्याही आधीची आहे.

डच भाषातज्ज्ञ ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये असे तत्त्व मांडले की, पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, गुप्तता केवळ किल्लीवर अवलंबून असावी. आधुनिक लायब्ररींची आज्ञावली सर्वांसाठी खुली ठेवता येते ती याच तत्त्वाच्या आधारे. मात्र त्यामुळे सारा भार किल्लीवर येतो, आणि मागोवा नेमका त्या किल्लीपाशीच पोहोचतो.

२. लायब्ररींचा उदय आणि मागोव्याची सोय :

इंटरनेटवरील व्यवहार सुरक्षित करण्यासाठी १९९० च्या दशकाच्या मध्यास एसएसएल ही संवादपद्धती पुढे आली. त्या काळी अमेरिकेतून प्रबळ गूढलेखनाच्या निर्यातीवर निर्बंध होते. ऑस्ट्रेलियातील एरिक यंग आणि टिम हडसन यांनी १९९५ च्या सुमारास स्वतंत्रपणे एसएसएलईएवाय ही लायब्ररी विकसित केली. तिच्याच पायावर डिसेंबर १९९८ मध्ये ओपनएसएसएल हा प्रकल्प उभा राहिला आणि पुढे जगभरातील असंख्य सर्व्हरांचा आधार बनला.

या लायब्ररीसोबत येणाऱ्या चाचणी-साधनात निदानाची सोय होती. एक पर्याय दिल्यास संवाद कोणत्या अवस्थेत आहे ते दिसे. दुसरा दिल्यास दोन्ही बाजूंचे संदेश क्रमाने उमटत. तिसरा दिल्यास जाणारा-येणारा प्रत्येक बाइट आकड्यांच्या रूपात पडद्यावर येई. जावा भाषेच्या २००२ मधील १.४ आवृत्तीत सुरक्षित संवादाची लायब्ररी अंतर्भूत झाली, तेव्हा तिच्यातही मागोवा चालू करण्यासाठी एक स्वतंत्र गुणधर्म ठेवण्यात आला. संवाद प्रमाणपत्राच्या मुदतीमुळे तुटला, दोन बाजूंच्या पद्धती न जुळल्याने तुटला, की स्वाक्षरीच चुकीची होती, हे बाहेरून कळत नाही. मागोव्याने ते कळू लागले.

३. बोलक्या चुका (१९९८ ते २००२) :

निदानाची माहिती कोणापर्यंत जाते, हा प्रश्न प्रथम ऐरणीवर आला तो चूक-संदेशांच्या निमित्ताने. स्वित्झर्लंडचे डॅनियल ब्लाइखेनबाखर यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की, उलगडलेल्या मजकुराची मांडणी बरोबर होती की चुकीची, एवढेच सर्व्हर सांगत असेल, तर त्याला सुमारे दहा लाख संदेश पाठवून मूळ गुपित काढता येते. सर्ज व्होदने यांनी २००२ मध्ये याच जातीचा हल्ला दुसऱ्या प्रकारच्या गूढलेखनावर सिद्ध केला.

या संशोधनाचा अर्थ गंभीर होता. दुरुस्ती करणाऱ्याला उपयोगी पडावा म्हणून लिहिलेला तपशीलवार चूक-संदेश हल्लेखोरालाही तितकाच उपयोगी पडत होता. त्यानंतर बाहेरील पक्षाला चुकीचे कारण न सांगता एकसारखेच उत्तर देण्याकडे लायब्ररींचा कल झाला. साहजिकच खरे कारण शोधण्यासाठी अंतर्गत मागोव्याचे महत्त्व वाढले.

४. दाबलेली सूचना : डेबियन प्रकरण (२००६ ते २००८) :

निदान आणि गुप्तता यांच्या संबंधातील सर्वांत बोधप्रद प्रकरण डेबियन या लिनक्स प्रणालीत घडले. गूढलेखनातील किल्ली अंदाजापलीकडची असावी लागते. त्यासाठी लायब्ररी अनेक ठिकाणांहून अनिश्चित सामग्री गोळा करून एकत्र घुसळते. ओपनएसएसएल या कामी स्मृतीतील पूर्वमूल्य न दिलेली जागाही वापरत असे. वाल्ग्रिंड या दोषशोधक साधनाला हे खटकत असे आणि त्यावर तपासलेल्या आज्ञावल्यांतून सूचनांचा पूर येई.

हा गोंगाट थांबावा म्हणून २००६ मध्ये डेबियनमधील ओपनएसएसएल सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाने दोन ओळी निष्क्रिय केल्या. तत्पूर्वी त्याने ओपनएसएसएलच्या विकासकांकडे विचारणाही केली होती, आणि दोषशोधनास मदत होत असेल तर ओळी काढण्यास अनुकूल असे उत्तर मिळाले होते. उत्तर दोषशोधनापुरते होते. बदल मात्र सर्वांच्या वापराच्या आवृत्तीत गेला. त्या दोन ओळींपैकी एक ओळ गोळा केलेली सर्व अनिश्चित सामग्री आत घेणारी होती. ती गेल्यावर चालू प्रक्रियेचा क्रमांक एवढीच बदलती गोष्ट शिल्लक राहिली, आणि त्याची कमाल मर्यादा होती ३२,७६८.

बाहेरून काहीच बदलले नव्हते. किल्ल्या तयार होत होत्या, संवाद जुळत होते, स्वाक्षऱ्या पडताळल्या जात होत्या. प्रत्यक्षात एका जातीच्या संगणकावर, एका लांबीच्या किल्लीसाठी संभाव्य किल्ल्यांची संख्या एवढी कमी झाली होती की, हल्लेखोराला त्या सर्व आधीच तयार करून ठेवता आल्या असत्या. लुसियानो बेलो यांच्या हा दोष लक्षात आला आणि १३ मे २००८ रोजी तो जाहीर झाला. डेबियनवर आणि त्यावर आधारित उबुंटूसारख्या प्रणालींवर त्या काळात तयार झालेल्या किल्ल्या टाकून नव्या कराव्या लागल्या. निदान-साधनाची सूचना समजून घेण्याऐवजी ती शांत करण्यावर भर दिल्याची ही किंमत होती.

५. नोंद नसण्याचा अनुभव (२०१४) :

ओपनएसएसएलमधील 'हार्टब्लीड' हा दोष ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाला. मार्च २०१२ च्या १.०.१ आवृत्तीपासून तो अस्तित्वात होता. त्याद्वारे परक्या व्यक्तीला एका वेळी सर्व्हरच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंत मजकूर वाचता येत असे. त्यात परवलीचे शब्द, प्रसंगी सर्व्हरची खाजगी किल्लीही असू शके. त्याहून चिंतेची बाब म्हणजे या हल्ल्याची कोणतीही खूण सर्व्हरच्या नेहमीच्या नोंदवहीत उमटत नसे. त्यामुळे आपले गुपित फुटले की नाही, हे नोंदी चाळून कोणालाही ठरवता येईना.

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये भारतातील एक प्रकरण पुढे आले. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या काही संकेतस्थळांच्या नावे अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे गूगलच्या लक्षात आले, आणि प्रमाणन प्राधिकाऱ्यांच्या नियंत्रकाने संबंधित मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केली. प्रत्येक प्रमाणपत्राची जाहीर नोंदवहीत नोंद व्हावी, या २०१३ मध्ये मसुदाबद्ध झालेल्या पद्धतीची गरज अशा प्रकरणांनी अधोरेखित केली. या नोंदवहीत कोण, कोणासाठी, केव्हा याची माहिती असते. खाजगी किल्ली नसते. घटनेची नोंद ठेवूनही गुपित अबाधित राहू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

६. बेसुमार नोंद आणि कुलूपबंद मागोवा (२०१८ नंतर) :

याच्या उलट टोकाचा अनुभव लवकरच आला. ट्विटरने मे २०१८ मध्ये जाहीर केले की, परवलीचे शब्द गूढरूपात बदलण्याची प्रक्रिया पूर्ण होण्याआधीच ते एका अंतर्गत नोंदवहीत उघड स्वरूपात लिहिले जात होते. सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना परवलीचा शब्द बदलण्याचा विचार करावा, असे सुचवण्यात आले. मार्च २०१९ मध्ये फेसबुकनेही कोट्यवधी परवलीचे शब्द अंतर्गत यंत्रणांत वाचनीय स्वरूपात साठल्याचे मान्य केले. गूढलेखनात दोष नव्हता; त्याच्या दारातील वहीत सर्व काही लिहिले जात होते.

ऑगस्ट २०१८ मध्ये टीएलएस संवादपद्धतीची १.३ आवृत्ती प्रमाणित झाली. तिच्यात प्रत्येक संवादासाठी तात्पुरती किल्ली घडवली जात असल्याने केवळ सर्व्हरची कायम किल्ली हाती असून पूर्वी टिपलेला संवाद उघडता येत नाही. दोषशोधनासाठी मग त्या तात्पुरत्या किल्ल्याच एका धारिकेत लिहवून घ्याव्या लागतात. मोझिलाच्या लायब्ररीपासून रुळलेली ही सोय फायरफॉक्स व क्रोममध्ये आहे. ती धारिका ज्याच्या हाती पडेल, त्याला टिपलेला संवाद वाचता येतो.

सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएल ३.० मध्ये मागोव्याची स्वतंत्र व्यवस्था आली. ती विषयवार विभागलेली आहे आणि तिला जणू दोन कुलपे आहेत. लायब्ररी बांधतानाच मागोव्याचा पर्याय निवडला नसेल, तर ती पुढे चालूच करता येत नाही. निवडला असला तरी प्रत्यक्ष वापराच्या वेळी हवा तो विभाग नाव घेऊन चालू करावा लागतो. मूळ स्थितीत मागोवा बंदच असतो.

निष्कर्ष :

१. गूढलेखनातील दोष बाहेरून दिसत नाहीत. म्हणून निदान-नोंद ही चैन नसून गरज आहे.
२. निदान-साधनाची सूचना न समजता दाबल्यास गुप्तता नष्ट होऊनही यंत्रणा सुरळीत चालू असल्याचा भास होतो.
३. घटनेची नोंद आणि गुपिताची नोंद यांत भेद करणे आवश्यक आहे. पहिली नित्याची असावी. दुसरी प्रसंगापुरती, चाचणीच्या किल्ल्यांवर, आणि काम संपताच नष्ट करावयाची.
४. मागोवा चालू करण्याचा अधिकार कोणाचा व तो बंद केल्याची खातरजमा कोणी करावयाची, हे निश्चित असावे.

समारोप :

भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांद्वारे सेवा पुरवठादार, कंपन्या व शासकीय संस्था इत्यादींना आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जतन करण्यास सांगितले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने दुसऱ्या बाजूने माहिती राखण्याची जबाबदारी आखून दिली. नोंद ठेवा आणि गुपित राखा, या दोन्ही अपेक्षा आता एकाच टेबलावर आल्या आहेत, आणि ते टेबल महानगरातलेच असेल असे नाही. प्रवेशप्रक्रियेच्या गर्दीत संकेतस्थळ अडकते, तंत्रज्ञ मागोवा चालू करतो, काम मार्गी लागते, आणि चालू राहिलेला मागोवा विद्यार्थ्यांची माहिती निमूटपणे लिहीत राहतो. असे कोणत्याही महाविद्यालयात घडू शकते. महानुभावांची किल्ली हरवली असती तर ग्रंथ कायमचे बंद राहिले असते, आणि ती चव्हाट्यावर टांगली असती तर लिपीला अर्थ उरला नसता. बांद्याच्या बागायतदाराने आपल्या उताऱ्यावर ठेवलेला विश्वासही या दोहोंच्या मधल्या जागेवरच उभा आहे.