बेंजो : उजव्या हाताचे आघात

बेंजो (बँजो) : ठाणे, कळवा, दिवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात लग्नाच्या हळदीला, गणपतीच्या आगमन-विसर्जनाला आणि देवीच्या मिरवणुकीत वाजणारे तंतुवाद्य. डाव्या हाताने पट्ट्या दाबायच्या आणि उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या, अशी त्याची वादनपद्धती आहे. बुलबुलतरंग या घरगुती वाद्याचे हे थोराड, कर्ण्याला जोडलेले रूप होय. अमेरिकेतल्या ब्लूग्रास संगीतात वाजणारा पाच तारांचा बँजो हे निराळेच वाद्य. त्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या भोपळ्याच्या तंतुवाद्यांत आहे. दोघांचे कूळ वेगळे, घडण वेगळी. उजव्या हाताच्या तालमीत मात्र दोन्हीकडे एकच अडचण येते, आणि शिकणाऱ्याचा खरा वेळ तिथेच जातो.

ठाण्याकडच्या बेंजोचा पूर्वज जपानी आहे. नागोया येथील मोरिता गोरो याने १९१२ मध्ये तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळी बसवून ‘ताइशोगोतो’ हे वाद्य तयार केले. ताइशो राजवट त्याच वर्षी सुरू झाली होती, म्हणून हे नाव. हिंदुस्थानात ते बुलबुलतरंग झाले, बलुचिस्तानात बेंजू झाले. जत्रेतून मुलांसाठी आणलेले बुलबुलतरंग पुष्कळ मराठी घरांत माळ्यावर पडून असते. त्याच घडणीचे वाद्य वरातीत शंभर माणसे नाचवते, हे पटकन खरे वाटत नाही.

लांबट लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या असतात. सुराच्या तारा एकाच स्वरात किंवा सप्तकाच्या अंतराने जुळवतात. सोबतीच्या तारा षड्ज-पंचमात लावून मोकळ्या सोडतात. पट्ट्या हार्मोनियमसारख्या दोन ओळींत असतात. पट्टी दाबली की तिची धातूची कड तारेवर टेकते आणि तारेची लांबी ठरते. सूर असा पट्टीने बांधलेला असल्यामुळे सतारीसारखी तार ओढून मींड काढण्याची सोय इथे नाही. तारांजवळ पिकअप बसवून वाद्य अँपला जोडले की झाला पार्टीचा, म्हणजे वादकांच्या ताफ्याचा बेंजो. मिरवणुकीत तो गळ्यात पट्टा अडकवून किंवा गाडीवर ठेवून वाजवतात.

पेटी (हार्मोनियम) येणाऱ्या माणसाला पट्ट्या ओळखीच्या वाटतात आणि त्यामुळे तो फसतो. पेटीवर सूर बहुधा उजव्या हाताने वाजतो, इथे तो डाव्याने काढायचा. शिवाय पेटीवर बोट दाबून ठेवले की भात्याच्या हवेवर सूर टिकून राहतो. बेंजोवर नुसती पट्टी दाबून काहीच ऐकू येत नाही. आवाज नखी देते. गाण्याची चाल डाव्या हातात असते, पण ते गाणे नाचायला लावणार की नुसते ओळखू येणार, हे उजव्या हातावर ठरते. नवशिके चाल बसवण्याची घाई करतात आणि उजवा हात नंतर आपोआप सुधारेल असे धरून चालतात. तो सुधारत नाही.

आघात दोनच. वाद्य समोर आडवे असताना एक आघात वादकापासून दूर जातो, दुसरा त्याच्याकडे परत येतो. या नोंदीपुरते, सरोदाच्या शिक्षणातले बोल उसने घेऊन, पहिल्याला ‘दा’ आणि दुसऱ्याला ‘रा’ म्हणू. ‘दा’ला मनगटाचे वजन मिळते, म्हणून तो ठसठशीत उमटतो, ‘रा’ स्वभावतःच हलका. सुरुवातीला मोकळ्या तारेवर नुसता ‘दा’ वाजवतात, मग ‘दा रा दा रा’ सम प्रमाणात, आणि त्यानंतर डाव्या हाताने सारेगमचे अलंकार घेऊन प्रत्येक स्वरावर दोन-दोन आघात. नखी चिमटीत घट्ट आवळली तर मनगट अडकते, सैल धरली तर ती बोटांतून फिरते. ती तारेत खोल रुतवायची नाही. टोक तारेला चाटून गेले पाहिजे, म्हणजे परतीचा आघात वेळेवर येतो.

हिंदी सिनेमाची बहुतेक नाचाची गाणी केरव्याच्या अंगाची. आठ मात्रांत ‘दा रा’ चार वेळा सरळ बसतो आणि प्रत्येक जोराची मात्रा ‘दा’वर येते. म्हणून शिकणाऱ्याला ही गाणी लवकर येतात. खरी परीक्षा कोळीगीताची. कोळी ठेका सहाच्या हिशेबाने, तीन-तीनच्या दोन झोक्यांत चालतो. जोर पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर. आता सहा मात्रांत ‘दा रा दा रा दा रा’ वाजवून पाहावे. पहिला जोर ‘दा’वर येतो, चौथ्या मात्रेवर मात्र ‘रा’ येतो, तोही नेमका जिथे पाऊल पडायचे तिथे. गाणे ओळखू येते, सूर बरोबर असतात, तरी ठेका लंगडतो, आणि पुष्कळदा वाजवणाऱ्याला कारण कळत नाही.

उपाय साधा आहे, हात बसवणे कठीण. दर तीन मात्रांनी आघात नव्याने सुरू करायचा : ‘दा रा दा, दा रा दा’. तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर दोन ‘दा’ लागोपाठ येतात, तेव्हा मधल्या फटीत मनगट तारेला न शिवता वरून परत आणावे लागते. संथ लयीत हे कोणालाही जमते. लय दुप्पट झाली की नखी परतताना तारेला लागते आणि एक नको असलेला ‘रा’ निसटतो. म्हणून हा बोल आधी एकाच स्वरावर, पायाने ठेका धरत घोटावा, आणि चौथा आघात पहिल्याइतका भरीव ऐकू येईपर्यंत चालीला हात लावू नये. आगरी-कोळी वस्तीतल्या पोरांना याचा त्रास कमी होतो, कारण ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यापासून कल्याणच्या खाडीपर्यंत हा झोका त्यांच्या कानांत लहानपणापासून असतो. हाताला फक्त कानाच्या मागे जायचे असते.

ब्लूग्रासमध्ये हीच गोष्ट वेगळ्या वाटेने येते. उत्तर कॅरोलायनातील बँजोवादक अर्ल स्क्रग्ज (१९२४–२०१२) डिसेंबर १९४५ मध्ये बिल मन्रो यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या वाद्यवृंदात दाखल झाला आणि त्याची तीन बोटांची शैली घरोघरी पोहोचली. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा या तीन बोटांत नख्या घालून, प्रत्येक बोटाने वेगळी तार छेडत आठ आघातांची साखळी विणायची. तिला ‘रोल’ म्हणतात. पुढे जाणाऱ्या रोलमध्ये अंगठा-तर्जनी-मध्यमा हा क्रम दोनदा पुरा होतो आणि शेवटी दोनच आघात उरतात : तीन, तीन, दोन. अंगठा पहिल्या, चौथ्या आणि सातव्या आघातावर येतो, आणि जोर चारच्या सरळ मापाला तिरका छेद देत जातो. उलटा रोल, अंगठा आलटून-पालटून येणारा रोल, पुढे जाऊन परत फिरणारा रोल हे त्याचेच भाऊबंद. चाल कोणतीही असो, उजवा हात साखळी तुटू देत नाही. चालीचे सूर त्या साखळीत योग्य जागी ओवायचे. हाच बोल एका नखीवर आणायचा तर ‘दा रा दा, दा रा दा, दा रा’ होतो. कोळी ठेका घोटलेल्या हाताला तो फार परका नाही.

लांब सुराची गोष्ट वेगळी. गायक सूर धरतो. तार छेडली की तिचा आवाज विझू लागतो. तिथे ‘दा रा’ची अतिद्रुत थरथर करून सूर भरून काढतात, मेंडोलिनवर करतात तशी. थरथर अर्ध्यात थांबवून पुढच्या ओळीचा पहिला ‘दा’ नेमका समेवर टाकणे हे कसब आहे, आणि जाणकार श्रोते वादकाची किंमत इथे करतात. ओळ संपल्यावर सोबतीच्या मोकळ्या तारांवर एक फटकारा मारून जागा भरतात. ढोल-ताशांच्या दणक्यात तो फारसा ऐकू जात नाही, पण हळद लागताना, बायकांचा घोळका जवळ असताना, छान खुलतो.

बेंजो पार्टीत बेंजोवाल्याभोवती ढोल, ताशा, ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड असा ताफा असतो. शिक्षण बहुधा या ताफ्यातच होते : आधी झांज किंवा ढोल, मग बेंजोवाल्याशेजारी उभे राहून त्याचे मनगट पाहणे, मग तो दमला की दोन गाणी हाती येणे. या रीतीने कान तयार होतो, पण आघाताची शिस्त नशिबावर राहते. गुरूचा हात चुकीचा असेल तर तोच पुढे चालतो.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. हळदी मात्र रात्रीच्या. त्यामुळे नऊ वाजून गेले की फर्माइशी एकमेकींवर आदळतात, लय चढते, आणि ‘दा रा दा, दा रा दा’ घोटलेला नसेल तर सगळे सरळ ‘दा रा दा रा’वर घसरते. नाचणाऱ्यांना नेमके काय बिघडले ते सांगता येत नाही, पण पाय मंदावतात.

सरावाला अँप लावू नये. डोंबिवलीच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात तो तसाही लावता येत नाही, आणि त्याचा फायदाच होतो : अँपमधून आलेला सूर लांबतो आणि दोन आघातांमधला फरक बुजवतो. नुसत्या वाद्यावर मात्र नखीचा प्रत्येक टोला कोरडा ऐकू येतो, आणि हलका पडलेला चौथा आघात लगेच उघडा पडतो.