कॉम्प्युटरला ‘रेड’ लावली म्हणजे डेटा सुरक्षित झाला का?

२००८ संपता संपता अमेरिकेतल्या ‘जर्नलस्पेस’ नावाच्या ब्लॉगिंग साइटचा सगळा डेटाबेस नाहीसा झाला. सुमारे सहा वर्षं लोक तिथे लिहीत होते. सर्व्हरमध्ये दोन हार्ड डिस्क होत्या आणि एकीवर जे लिहिलं जाईल, ते त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जात होतं. म्हणजे एक डिस्क गेली तरी दुसरी होतीच. पण इथे डिस्क गेलीच नव्हती. डेटावर दुसरंच काहीतरी लिहिलं गेलं, आणि ते इमानेइतबारे दोन्ही डिस्कवर लिहिलं गेलं. डिस्क रिकव्हरीच्या तज्ज्ञांकडे पाठवूनही डेटाबेस परत आला नाही. वेगळा बॅकअप नव्हता. २००९च्या जानेवारीत साइट बंद करत असल्याचं जाहीर झालं.

दोन डिस्कच्या या जोडणीला म्हणतात रेड. (ईडीची नव्हे.) घरच्या किंवा ऑफिसच्या डेस्कटॉपला ती लावायची असेल, तर हा किस्सा आधी माहीत असलेला बरा. कारण रेड लावणं हे काम तासाभराचं आहे. तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, इथेच बहुतेकांची गल्लत होते.

रेड आली कुठून?

१९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमधल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक शोधनिबंध मांडला. तेव्हा मोठ्या कॉम्प्युटरसाठी एकच मोठी, अतिशय महाग डिस्क वापरायचे. या तिघांचं म्हणणं होतं की त्याऐवजी पर्सनल कॉम्प्युटरच्या बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र बांधा. वेग वाढेल आणि एखादी बंद पडली तरी काम थांबणार नाही. ‘रिडंडंट अॅरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स’ या नावाची आद्याक्षरं म्हणजे रेड. पुढे डिस्क विकणाऱ्यांना ‘इनएक्स्पेन्सिव्ह’ म्हणजे ‘स्वस्त’ हा शब्द फारसा रुचला नसावा. आता त्या जागी ‘इंडिपेंडंट’ म्हणतात.

०, १, ५, १० हे आकडे काय आहेत?

रेडचे प्रकार आकड्यांनी ओळखले जातात. मोठा आकडा म्हणजे जास्त चांगलं, असं मात्र नाही.

रेड ० मध्ये फाइलचे तुकडे करून ते दोन डिस्कवर वाटून टाकतात. दोन्ही डिस्क एकाच वेळी काम करतात, म्हणून वेग वाढतो आणि जागाही पूर्ण मिळते. पण दोघींपैकी एक गेली की सगळं गेलं, कारण प्रत्येक मोठी फाइल अर्धी इथे आणि अर्धी तिथे असते. नावात रेड असली तरी यात संरक्षण शून्य आहे. साध्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला १५० ते २५० एमबी असतो, म्हणून पूर्वी गेमिंग आणि एडिटिंगवाले हा उद्योग करायचे. आज एक चांगली एनव्हीएमई एसएसडी सेकंदाला काही हजार एमबी वाचते. वेगासाठी रेड ० लावायचं कारण घरात तरी उरलेलं नाही.

रेड १ म्हणजे मिरर. जर्नलस्पेसकडे होती ती हीच. ४ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या तर वापरायला ४ टीबीच मिळते (विंडोज ती ३.६ टीबीच्या आसपास दाखवेल, घाबरू नका, ती मोजण्याची पद्धत आहे). पैसे दुप्पट, जागा तेवढीच. पण समजायला सोपी आणि बिघडली तर निस्तरायलाही सोपी.

रेड ५ ला किमान तीन डिस्क लागतात. ही थोडी गंमतशीर आहे. मार्कशीटवर मराठीचे ४०, गणिताचे ३५ आणि एकूण ७५ असं लिहिलंय. गणितावर चहा सांडला आणि आकडा पुसला गेला, तरी ७५ मधून ४० वजा करून तो काढता येतो. रेड ५ मध्ये असाच एक ‘एकूण’चा आकडा डेटासोबत ठेवतात, त्याला पॅरिटी म्हणतात. प्रत्यक्षात बेरीज नसून ‘एक्सऑर’ नावाची बिटांची क्रिया असते, पण तत्त्व हेच. ४ टीबीच्या तीन डिस्कमध्ये ८ टीबी जागा मिळते आणि कुठलीही एक डिस्क गेली तरी चालतं. दोन आकडे एकदम पुसले गेले तर मात्र एकूणचा उपयोग नाही. त्यासाठी रेड ६ आहे: चार डिस्क, दोन गेल्या तरी चालतं. रेड १० म्हणजे मिररच्या जोड्या करून त्यांच्यावर डेटा वाटणं, त्यालाही साधारणपणे चार डिस्क लागतात.

डेस्कटॉपसाठी आमचं मत विचाराल तर मिरर. पुढे एवढ्याच प्रकाराबद्दल बोलू.

मग रेड नेमकी कशापासून वाचवते?

फक्त एका गोष्टीपासून: डिस्क बंद पडण्यापासून. तुम्ही चुकून फोल्डर डिलीट केलं, तर ते दोन्हीकडून डिलीट होतं. रॅन्समवेअरने फाइल्स लॉक केल्या, तर दोन्ही प्रती लॉक होतात. कॉम्प्युटर चोरीला गेला, घरात पाणी शिरलं, पॉवर सप्लायने दोन्ही डिस्क एकदम जाळल्या, तर मिररला काही करता येत नाही.

रेडचा खरा फायदा हा की काम थांबत नाही. उद्या सकाळी लग्नाचा व्हिडिओ द्यायचाय आणि रात्री अकराला डिस्क गेली, तरी एडिटिंग चालू राहतं. रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात सीएच्या ऑफिसातला कॉम्प्युटर बंद पडून चालत नाही, तिथे रेड पैसे वसूल करते. पण घरचे फोटो, मुलांचे व्हिडिओ, जुनी कागदपत्रं एवढंच असेल आणि दोनच डिस्क घेण्याइतकं बजेट असेल, तर दुसरी डिस्क रेडमध्ये घालू नका. ती बाहेरून जोडायची घ्या, आठवड्यातून एकदा कॉपी करा आणि काढून कपाटात ठेवा. कपाटातल्या डिस्कला रॅन्समवेअर लागत नाही.

बॅकअपसाठी जगभर सांगितला जाणारा ३-२-१ नियम पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरने रूढ केला. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. या हिशेबात मिररच्या दोन डिस्क म्हणजे दोन नाही, एकच प्रत धरायची.

डिस्क घेताना

दोन्ही सारख्या आकाराच्या घ्या. एक लहान असेल तर मिररला लहान डिस्कएवढीच जागा मिळते. मात्र एकाच दुकानातून, एकाच लॉटमधल्या दोन घेण्यापेक्षा वेगवेगळ्या घेतलेल्या बऱ्या. एकाच वेळी बनलेल्या आणि तितकेच तास चाललेल्या डिस्क एकाच सुमाराला जाऊ शकतात. याचं टोकाचं उदाहरण २०१९ मध्ये दिसलं. सर्व्हरमधल्या काही एसएसडी फर्मवेअरच्या दोषामुळे ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील, असा इशारा एचपीई कंपनीने ग्राहकांना दिला. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. एकाच दिवशी बसवलेल्या सगळ्या डिस्क जवळपास एकदमच जाणार, मग रेड कितीही असो.

दुसरी गोष्ट, एसएमआर डिस्क टाळा. या प्रकारात जास्त डेटा मावावा म्हणून डिस्कवरचे पट्टे घराच्या कौलांसारखे एकावर एक थोडे चढवून लिहितात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची हलवावी लागतात, तसंच इथे होतं. सलग खूप लिहायची वेळ आली की वेग कोसळतो. आणि नवी डिस्क बसवून रेड पुन्हा भरताना नेमकं सलग खूप लिहायचं असतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ मालिकेतल्या (इथे रेड म्हणजे लाल) काही डिस्क एसएमआर असून कंपनीने ते सांगितलं नव्हतं, हे उघड झालं आणि बराच गदारोळ झाला. त्यानंतर सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ नावाने वेगळ्या केल्या गेल्या. घेण्याआधी मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या माहितीपत्रकात ‘सीएमआर’ लिहिलंय का, ते बघा.

प्रत्यक्ष कशी लावायची?

मदरबोर्डच्या बॉक्सवर ‘रेड सपोर्ट’ छापलेलं असतं, म्हणून अनेक जण थेट बायोसमध्ये शिरतात. शक्यतो तिकडे जाऊ नका. एक तर विंडोज आधीच असलेल्या मशीनमध्ये साटा मोड बदलला की विंडोज सुरूच न होण्याची शक्यता असते. दुसरं, पुढे मदरबोर्ड जळाला तर सहसा त्याच जातीचा मदरबोर्ड शोधत फिरावं लागतं. डिस्क ठणठणीत, पण वाचता येत नाहीत, अशी अवस्था.

विंडोजमध्ये ‘स्टोरेज स्पेसेस’ ही सोय विंडोज ८ पासून आहे आणि होम आवृत्तीतही चालते. विंडोज ज्या डिस्कवर आहे ती तशीच ठेवायची. नव्या दोन डिस्क वेगळ्या जोडायच्या. या दोन डिस्कवरचं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा त्यात काही असेल तर आधी काढून घ्या. स्टार्टमध्ये ‘स्टोरेज स्पेसेस’ शोधा, नवा पूल तयार करा, दोन्ही डिस्कवर टिक करा. रेझिलिअन्सी विचारेल तिथे ‘टू-वे मिरर’ निवडा. ‘सिम्पल’ निवडलंत तर संरक्षण काहीच नाही, हे लक्षात असू द्या. ‘थ्री-वे मिरर’ला किमान पाच डिस्क लागतात. आकाराच्या रकान्यात आहे त्यापेक्षा मोठा आकडाही विंडोज भरू देतं, पण त्याने जागा वाढत नाही, एक दिवस अचानक संपते. तिथे सुचवलेला आकडाच ठेवा.

लिनक्सवाल्यांसाठी ‘एमडीएडीएम’ आहे. मशीन बदललं तरी डिस्क दुसऱ्या लिनक्स कॉम्प्युटरला लावून सहसा तशाच चालू होतात. डेबियनमध्ये ते महिन्यातून एकदा दोन्ही प्रती ताडूनही बघतं. मॅकवर डिस्क युटिलिटीमध्ये रेड असिस्टंट आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच कोणी करत नाही. प्रत्येक डिस्कवर सीरियल नंबर छापलेला असतो. तो कागदाच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात लिहून, कॅबिनेट उघडल्यावर समोर दिसेल असा चिकटवा. डिस्क गेल्यावर सॉफ्टवेअर तुम्हाला सीरियल नंबर सांगेल, ‘वरची’ किंवा ‘खालची’ सांगणार नाही. बंद पडलेली समजून चांगली डिस्क काढणं, हा डेटा घालवायचा अगदी सोपा मार्ग आहे.

मग खरा डेटा टाकण्याआधी रंगीत तालीम करा. दोन-चार बिनमहत्त्वाच्या फाइल्स टाका, मशीन पूर्ण बंद करा, एका डिस्कची केबल काढा, पुन्हा सुरू करा. फाइल्स उघडतात का? सिस्टीम इशारा कुठे दाखवते? तो तुमच्या नजरेला पडेल का? मिरर शांतपणे एका पायावर महिनोन्‌महिने चालू शकते आणि मालकाला दुसरी डिस्क गेल्यावरच कळतं. म्हणून इशाऱ्याची जागा आत्ताच बघून ठेवा. बंद करून केबल परत लावा आणि दोन्ही प्रती जुळेपर्यंत थांबा.

लाइट जाते त्या भागात यूपीएस हवाच. लिहिणं चालू असताना वीज गेली तर एका डिस्कवर नवं आणि दुसरीवर जुनं राहू शकतं. रेड ते नंतर जुळवून घेते, पण अर्धवट सेव्ह झालेली फाइल तिला पूर्ण करता येत नाही.

डिस्क गेली तर?

आधी हात आवरा. विंडोजने ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ करू का विचारलं, तर नाही म्हणा. पहिलं काम नवी डिस्क आणायचं नाही. उरलेल्या डिस्कवरचा महत्त्वाचा डेटा बाहेर काढायचं आहे. कारण नवी डिस्क भरताना जुनीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ताण येतो, आणि ती दुसरीच्याच वयाची असते. ८ टीबीची डिस्क सेकंदाला १५० ते २०० एमबीने पूर्ण भरायची तर ११ ते १५ तास लागतात, सोबत कामही चालू असेल तर आणखी. स्टोरेज स्पेसेस भरलेला भागच कॉपी करतं, त्यामुळे तिथे वेळ वाचू शकतो.

डेटा बाहेर आला, की पट्टीवरचा सीरियल नंबर जुळवून गेलेली डिस्क काढा, तितकीच किंवा मोठी नवी बसवा, पूलमध्ये घाला आणि मशीन रात्रभर चालू ठेवा. नव्या डिस्कचा नंबर पट्टीवर लिहायला विसरू नका. काढलेली डिस्क वॉरंटीत असेल तर कंपनीला परत करण्याआधी थोडा विचार करा: मिररमधली प्रत्येक डिस्क म्हणजे तुमच्या डेटाची पूर्ण प्रत असते, आणि बंद पडलेली डिस्क तुम्हाला पुसता येत नाही. आधीपासून एनक्रिप्शन लावलेलं असेल तर बिनधास्त द्या. नसेल, आणि आत क्लायंटची कागदपत्रं असतील, तर वॉरंटीचे पैसे सोडून ती डिस्क फोडून टाकणारेही आहेत.