एकाच्या दोन्ही बाजू

आम्ही भोकरला उर्दू माध्यमाच्या मुलांना गणित शिकवतो. फार मोठ्या आणि फार लहान संख्या दहाच्या घातांकात कशा लिहायच्या, हा धडा चालू होता. सूर्याचे अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर, म्हणजे १.५ गुणिले दहाचा आठवा घात. हे जमले. मग करोना विषाणूचा आकार घेतला, साधारण ०.००००००१ मीटर. ‘पॉइंट आगे ले जाओ’ असे आम्ही म्हणालो आणि अनेक मुलांनी दशांशचिन्ह डावीकडे नेले. उत्तर दहाचा उणे सातवा घात यायला हवे होते, ते भलतेच आले.

चूक आमची होती. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे मुलांचे ‘आगे’ डावीकडे असते. गणिताची ओळ मात्र डावीकडून उजवीकडे जाते.

या अडचणीचे उत्तर शोधताना आम्ही इतिहासाकडे वळलो. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणशी ज्यांच्या घराण्याचे नाव शिलालेखाने जोडले आहे, त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ लिहिली. तिच्यात एक, दश, शत, सहस्र अशी दहापटीने चढत जाणारी अठरा नावे आहेत. शेवटचे परार्ध, म्हणजे दहाचा सतरावा घात. हीच ‘लीलावती’ फैजीने १५८७ साली अकबराच्या दरबारात फारसीत आणली.

साधारण त्याच काळात बगदादमध्ये अस्समवअल नावाचा तरुण होता. यहुदी घरात जन्मलेल्या या गणितीने पुढे ११६३ मध्ये इस्लाम स्वीकारला. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्याने ‘अल्‌बाहिर’ हा बीजगणितावरचा ग्रंथ लिहिला. त्यात एक कोष्टक आहे. मध्ये एक. एका बाजूला वाढत जाणारे घात, दुसऱ्या बाजूला तितकेच कमी होत जाणारे. गुणाकार करायचा तर घरे मोजायची; दोन्ही संख्या एकाच बाजूच्या असतील तर एकापासून दूर जायचे, वेगवेगळ्या बाजूंच्या असतील तर एकाकडे यायचे. आजचा उणे घातांक याहून वेगळा काय आहे? अंकाच्या डोक्यावर बारीक अंक लिहिण्याची खूण मात्र फ्रान्सच्या देकार्तने १६३७ साली रूढ केली.

आपल्याकडे ‘सगळे आमच्याच पूर्वजांनी शोधले’ असे सांगणारे दोन्हीकडे आहेत. त्यांना आमची विनंती एवढीच, की वहीतली ही एक ओळ पाहावी. अंक भारतातून बगदादला गेले, शून्याचा सिफर झाला, आणि घातांकाची खूण युरोपातून आली. यातले कोणते एक काढून टाकले तर गणित सुटेल?

दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर मधोमध १ लिहिला. उजवीकडे एक दशांश, एक शतांश. डावीकडे दहा, शंभर, हजार. ‘आगे-पीछे’ हे शब्द वर्गातून काढून टाकले. आता एवढेच विचारतो : एकापेक्षा मोठी की लहान? आणि एकापासून किती घरे दूर?

मागच्या बाकावरच्या एका मुलीने विषाणूचा आकार बोटांवर घरे मोजून बरोबर लिहिला. मग तिने विचारले, “सर, परार्ध के आगे क्या है?”

‘आगे’ हा शब्द या वेळी आम्ही खोडला नाही.