आधी पाणी

अहमदपूरहून लोह्याकडं जाताना आमच्या गावचा फाटा लागतो. रस्ता रुंद व्हायच्या आधी तिथं एक जुना कडुनिंब होता आणि त्याच्या बुडाशी वाळूत अर्धा पुरलेला रांजण. उन्हाळ्यात तो भरायचं काम आमच्या घराकडं असायचं. दिस उगवायच्या आत आजी विहिरीवरून डोक्यावर दोन आणि कडेवर एक घागर घेऊन यायची. रांजणाला ओलं गोणपाट गुंडाळायची, वर लाकडी झाकण, जवळ ओगराळं. मग माणसं येत. लोह्याच्या बाजाराला जाणारी, लेकीला आणायला निघालेली, एसटी चुकलेली.

त्यांतल्या कुणालाही "पाणी पाहिजे का?" असं तिनं विचारल्याचं मला आठवत नाही. ती तिथं असली की ओगराळं भरूनच पुढं करायची. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "तहानलेल्याला इचारायचं नसतंय लेकरा. इचारलं की त्याला हो म्हणावं लागतंय. अन् हो म्हणणं म्हंजे मागणंच की."

आजोबांचीही एक गोष्ट होती, बार्शी लाईटची. अडीच फुटी रुळांवरची ही गाडी लातूरला 1911 साली आली. कुर्डुवाडीवरून ती पंढरपूर आणि पुढं मिरजेपर्यंत जायची. आषाढीला आजोबा तिनंच जात. एका वर्षी गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि बार्शीच्या पुढं कुठल्याशा लहान स्टेशनात कुणा बाईनं खिडकीतून त्यांच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या दिला. ते पीत होते तोवर गाडी हलली. बाई पळत पळत आली, पण तांब्या मागायला नव्हे, "राहू द्या, म्होरं लागंल" एवढंच सांगायला. परतीच्या वाटेवर आजोबा चिंचेनं लख्ख घासलेला तो तांब्या घेऊन गाडीच्या दारात उभे राहिले. बाई काही दिसली नाही. तांब्या अजून आमच्या घरी आहे.

या गोष्टी सांगताना आजी एका ठिकाणी आवाज खाली आणायची. तो भाग मी वगळला तर तिच्याशी खोटं वागल्यासारखं होईल. एकेकाळी त्या रांजणाला काहींनी हात लावायचा नाही, अशी गावाची रीत होती. ती माणसं लांब उकिडवी बसत, ओंजळ पुढं करत आणि त्यांना वरून पाणी ओतलं जाई. "मीच ओतत हुते," ती म्हणायची. एवढंच म्हणून गप्प बसायची.

आजोबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोघं नांदेडला गेली, ते बहात्तरच्या दुष्काळाच्या दोन-तीन वर्षं आधी. कुणीतरी सांगितलं म्हणून आजी गुरुद्वाऱ्यात गेली. गुरू गोविंदसिंगांनी 1708 साली तिथं देह ठेवला, महाराजा रणजितसिंगांनी पुढं तिथं गुरुद्वारा बांधून घेतला, यातलं तिला काही ठाऊक नव्हतं. तिच्या ध्यानात राहिलं ते चपला ठेवायचं जोडाघर. चिखलानं भरलेली, अंगठा तुटून सुतळीनं बांधलेली तिची वहाण चांगल्या कपड्यांतल्या एका म्हाताऱ्या सरदारजीनं दोन्ही हातांनी उचलून घेतली. ती "अहो नको, नको" म्हणेपर्यंत त्यानं ती फडक्यानं पुसलीसुद्धा. पुढं लंगरच्या पंगतीत वाढणारा समोर आला, तिनं इतरांसारखीच दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली आणि रोटी त्या ओंजळीत आली. शेजारी कोण बसलंय, हे कुणी विचारलं नाही. "ओंजळ तशीच हुती," आजी सांगायची, "पर मला बारीक वाटलं न्हाई."

तिथून आल्यावर तिनं एकच केलं. रांजणाचं ओगराळं झाकणावरून काढून सुतळीनं निंबाच्या फांदीला बांधलं, ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यावं म्हणून. गावात चार दिवस कुजबूज झाली, आजोबांनाही पारावर ऐकून घ्यावं लागलं. पुढं दुष्काळात सगळं गाव खडी फोडायला गेलं आणि एकाच पिंपातलं पाणी प्यालं. मग बोलणाऱ्यांची तोंडं बंद झाली. मला आजीच्या त्या सुतळीचं मोल जास्त वाटतं, कारण ती तहानेनं भाग पाडलं म्हणून बांधलेली नव्हती.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून माणसं गाढ झोपलेली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपानं किल्लारी हादरली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वरचं जड माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आलं. बावन्न गावं जमीनदोस्त झाली, आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. आमच्या गल्लीतल्या बायांनी रातभर भाकरी थापल्या आणि आम्ही टेम्पोनं निघालो. निघताना आजी टेम्पोपाशी आली. "वरून टाकू नका. खाली उतरा, बसा, मंग द्या. 'घ्या' म्हणा, 'घे' न्हाई."

त्या भागातल्या एका गावात ढिगाऱ्याशेजारी गोणपाटावर एक म्हातारबा बसले होते. अंगावर दुसऱ्याचा सदरा, केसांत माती. मी पुढ्यात बसून "घ्या आजोबा" म्हणत भाकर आणि चटणी पुढं केली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, मांडीवर ठेवली. मग गोणपाटाचा निम्मा भाग माझ्यासाठी मोकळा करत ते बाजूला सरकले. शेजारी एक चेपलेली चरवी होती, ती माझ्याकडं लोटली.

"लांबून आलास बाळ. आधी पाणी पी."

त्या ढिगाऱ्याखाली त्यांचं कोण कोण होतं, हे मला नंतर कळलं. मी पाणी प्यालो. मी पिऊन होईपर्यंत त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला नाही.

आजी त्यानंतर सात वर्षांनी गेली. रस्त्याच्या कामात निंब गेला, रांजण कुणी नेला ठाऊक नाही.

2016 च्या उन्हाळ्यात मी लातूरला आत्याकडं होतो. मांजरा धरण कोरडं पडलेलं. पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लागू केलेली. एप्रिलच्या 12 तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत आली ती. आजोबांचाच रस्ता, रूळ तेवढे रुंद झालेले.

त्याच आठवड्यात भर दुपारी एक पोरगा पार्सल घेऊन आत्याच्या दारात आला. घरात दीड घागर पाणी होतं, टँकर परवा येणार होता. आत्यानं सही केली आणि आत जाऊन अर्धा गिलास पाणी आणलं, काही न बोलता त्याच्यापुढं धरलं. अर्धाच भरलाय, याचा संकोच तिच्या तोंडावर दिसत होता. पोरानं गिलासाकडं बघितलं, आत्याकडं बघितलं. मग गिलास ओठाला न लावता, थेंबही सांडू न देता, वरून प्याला आणि घोटभर पाणी गिलासात ठेवून तो तिच्या हातात परत दिला.