मेत्ता भावना
मेत्ता भावना : बौद्ध परंपरेतील मैत्रीची ध्यानसाधना. मेत्ता, करुणा, मुदिता व उपेक्षा या चार ब्रह्मविहारांपैकी, म्हणजे उदात्त मनोवृत्तींपैकी, ती पहिली. चालता, बसता, आडवे होता, जागेपणी मैत्रीची ही स्मृती टिकवावी, असे सुत्तनिपातातील मेत्तसुत्त सांगते. साधनेची तपशीलवार रीत मात्र बुद्धघोषाने पाचव्या शतकात श्रीलंकेत रचलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात मिळते.

आरंभ स्वतःपासून, मग आदरणीय गुरुजन, जिवलग मित्र, तटस्थ व्यक्ती आणि शेवटी वैरी. कसोटी लागते ती वैऱ्यापाशी. राग उसळला तर मागच्या पायरीवर यावे, त्या माणसाचा एखादा तरी गुण आठवावा, तोही सापडेना तर त्याच्याविषयी करुणा बाळगावी. एवढे करूनही राग शमला नाही, तर त्याला आपल्याकडचे काही द्यावे आणि त्याच्याकडून काही घ्यावे. ध्यान आसनावरून उठून व्यवहारात उतरते ते इथेच. बुद्धघोषाची मनाची जाण या भागात सर्वांत खोल आहे. द्वेष हा मैत्रीचा दूरचा शत्रू, तर आसक्ती जवळचा, कारण ती मैत्रीसारखीच भासते.

इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात ही साधना शेवटी शिकवतात. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी संपादित केलेली विसुद्धिमग्गाची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली.