वडखळ (ता. पेण, जि. रायगड)

वडखळ हे पेणच्या दक्षिणेस मुंबई-गोवा महामार्गावर वसलेले ग्रामपंचायतीचे गाव असून अलिबागचा रस्ता येथूनच पश्चिमेस फुटतो. प्रवाशांना ते नाक्याचे गाव म्हणून ठाऊक असले, तरी पूर्वेकडील डोंगर आणि पश्चिमेकडील धरमतर खाडी यांच्यामधल्या शेतीवाचून या परिसराचा इतिहास उलगडत नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर पेणचा प्रदेश इंग्रजांकडे आला. खाडीपलीकडे अलिबागला मात्र १८४० पर्यंत आंग्र्यांची सत्ता होती. १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यालाच १९८१ पासून रायगड म्हणतात.

डोंगरउताराच्या हलक्या जमिनीला वरकस म्हणतात. तिच्यावर नाचणी आणि वरी पिकते. सखल भागातील भातालाही या उतारांचा आधार असे, कारण पेरणीपूर्वी रोपांच्या जागेवर पालापाचोळा, फांद्या, गवत व शेण जाळण्याच्या पद्धतीसाठी, म्हणजे राबासाठी, लागणारा माल तेथूनच येई.

खाडीकाठचा खारेपाट ही तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमांची निर्मिती आहे. भरतीचे पाणी बांधाने अडवायचे, बांधातील उघाडीची (झडपेच्या दाराची) वाट ओहोटीला मोकळी करून साचलेले पावसाचे पाणी खाडीत सोडायचे, आणि पावसानेच जमिनीतला खार धुऊन निघू द्यायचा, अशी ही रीत आहे; बांधाला खांड पडून खारे पाणी आत शिरले, तर हातचे पीक जातेच, शिवाय पुढची काही वर्षे जमीन नापीक राहते. अशा मिळवलेल्या जमिनींच्या धारापद्धतीस पेण-अलिबाग भागात शिलोत्री म्हणत. आगरी शेतकऱ्यांच्या या सामुदायिक कष्टांना महसुली नोंदींत मिळालेली जागा त्यांच्या मोलाच्या मानाने फारच थोडी आहे. बांधांच्या देखभालीसाठी १९४८ मध्ये मुंबई राज्याने आणि १९७९ मध्ये महाराष्ट्राने खारजमिनींविषयी कायदे केले.

वडखळजवळच्या डोलवी येथील पोलाद कारखान्याने व त्याच्या धरमतर बंदराने खाडीकाठचे रूप पालटले. पुढे महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. ही गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील होती, आणि मत देणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी जमीन देण्यास नकार दिला.