धांवेंतील सोबती

दूर पल्ल्याची धांव हा वरवर पाहतां एकट्याचा उद्योग आहे. दम आपला, पाय आपले आणि थकवाहि आपलाच. तरी मित्रासह अर्धमॅरेथॉन, म्हणजे सुमारें २१ किलोमीटर, धांवलेल्या कोणासहि विचारावें. शेजारचीं पावलें ऐकूं येत होतीं म्हणूनच शेवटचें अंतर सरलें, असें तो सांगेल. मात्र अशा धांवेंत बहुधा दोघांसहि पहिलें यावयाचें नसतें. जेथें पहिली जागा एकच, तेथें मैत्री टिकते काय, हा प्रश्न निराळा. त्याचें उत्तर एमिल झाटोपेक आणि आलँ मिमून यांच्या चरित्रांत सांपडतें.

झाटोपेक हा चेकोस्लोव्हाकियाचा. तरुणपणीं बुटांच्या कारखान्यांतील कामगार, पुढें लष्करांत. धांवतांना त्याचा चेहरा वेदनेनें पिळवटून जाई. पण वेग मंदावत नसे. २९ सप्टेंबर १९५१ रोजीं त्यानें एका तासांत २०,०५२ मीटर अंतर काटलें. अर्धमॅरेथॉनला हें अंतर अवघें एक किलोमीटर उणें. आणि तोंवर एका तासांत वीस किलोमीटर कोणीहि धांवलें नव्हतें. मिमून जन्मला अल्जीरियांत आणि लढला फ्रेंच सैन्यांत. १९४४ सालीं इटलींत कासिनोच्या लढाईंत त्याचा पाय जबर जखमी झाला. तो कापण्याची वेळ येऊन टळली.

त्याच पायांनीं तो १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत १०,००० मीटर धांवला. झाटोपेक पहिला आला, मिमून दुसरा. १९५० सालीं ब्रुसेल्स येथील युरोपीय सामन्यांत ५,००० व १०,००० मीटरच्या दोन्ही शर्यतींत तोच क्रम राहिला, आणि १९५२ सालीं हेल्सिंकी येथेंहि दोन्ही वेळां तेंच झालें. पांच मोठ्या शर्यती, आणि पांचहि वेळां पुढें तीच पाठ! सामान्य मनुष्याच्या मनांत येथें मत्सर रुजला असता. या दोघांत मात्र स्नेह वाढला.

१ डिसेंबर १९५६ रोजीं मेलबर्न येथें ऑलिंपिक मॅरेथॉन झाली. ऊन कडक होतें. मिमून पसतिशीचा, मॅरेथॉन तो प्रथमच धांवत होता. झाटोपेकवर थोड्याच आठवड्यांपूर्वीं अंतर्गळाची शस्त्रक्रिया झालेली. अर्धी वाट सरल्यावर मिमून सोबत्यांस मागें टाकून एकटाच पुढें निघाला, आणि २ तास २५ मिनिटांनीं विजयी झाला.

आतां खरी गोष्ट पुढेंच आहे. विजयी मिमून विसांव्यास गेला नाहीं. मैदानांतच मित्राची वाट पाहत उभा राहिला. सुमारें साडेचार मिनिटांनीं झाटोपेक सहावा आला, थकून अगदीं गळून गेलेला. पहिला कोण आला याचा त्यास पत्ता नव्हता. मिमूननें तें त्यास सांगितलें. तेव्हां झाटोपेकनें टोपी काढली, ताठ उभें राहून लष्करी सलाम केला आणि मित्रास मिठी मारली. हा क्षण आपणांस पदकाहूनहि मोलाचा वाटला, असें मिमून पुढें सांगत असे.

यांत भावनेचा नुसता उमाळा नाहीं. ज्याच्या मागें धांवून मिमूननें आपला वेग घडविला, त्याच्या साक्षीवांचून त्याचें पहिलेपण अपुरें होतें. ती साडेचार मिनिटें त्यानें उन्हांत उभें राहून काढलीं, तीं याचसाठीं.